अळूच्या बांधावरची प्रार्थना

माझी मासेलिना मावशी रोज संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजायच्या जरा आधी अळूच्या पाणथळ वाफ्यात एक फेरी मारायची.

त्या वर्षी नव्या चर्चच्या मेजवानीला अळू आमच्या घरचं, असा तिने शब्द दिला होता. पण संध्याकाळी धड दिसलेले कोंब सकाळी उपटलेले, अर्धे खाल्लेले सापडत.

“पोआसाची डुकरीण,” ती मोठ्याने म्हणायची.

शेजारच्या घरातून पोआसा ओरडायचा, “माझी डुकरीण शहाणी आहे गं. तुझं खाजरं अळू कोण खाईल?”

ती डुकरीण त्याने लेकीच्या लग्नासाठी वाढवली होती. मावशीने गाऱ्हाणं घातलं, तर गावसभा ती मारायला लावणार होती. उद्या सभेत बोलायचंच, असं मावशीने ठरवलं.

त्या संध्याकाळी वाफ्यात तिचा पाय रुतला. निघेपर्यंत शंख वाजला. प्रार्थनेच्या वेळी आमच्या बेटावर कोणी चालत नाही. असाल तिथे बसायचं. ती बांधावर बसली.

तेव्हा लव्हाळ्यातून मानुआलीई बाहेर आली, सरदारांची मानली जाणारी पाणकोंबडी. निळी-जांभळी, लाल चोच, कपाळावर तसाच लाल टिळा. शेपटी उडवली की खालचं पांढरं दिसे. तिने कोंब उपटला, एका पायाच्या लांब बोटांत माणसासारखा धरला आणि बुडाचा कोवळा भाग सोलून मागच्या काळ्या पिल्लाला भरवला. दुसरी आली, तिनेही त्याच पिल्लाला भरवलं. सगळं गाव घरात डोळे मिटून बसलेलं. यांना कोण बघणार? प्रार्थना चालू, म्हणून मावशीला उठून हुसकताही येईना. प्रार्थना संपल्याचा शंख वाजला, तशा त्या लव्हाळ्यात शिरल्या.

ती गुडघाभर चिखलाने घरी आली.

“उद्या सभेला कोणतं लुगडं काढू?” मी विचारलं.

“कुठलंच नको. चोर सरदारांचा पक्षी निघाला. त्याला कोण दंड करतंय?”

जेवणाआधी तिने देवाचे आभार मानले, त्यात चिखलाचेही मानले.

मग ती रोज बांधावरच प्रार्थनेला बसू लागली, खणखणीत आवाजात गात. पक्षी लव्हाळ्याजवळच्या ओळीपुरते येत. ती ओळ तिने सोडून दिली. मेजवानीला अळू पुरलं. पहिली टोपली मात्र पोआसाकडे गेली, आणि पुढे दर काढणीला जात राहिली. का, ते तिने त्याला कधी सांगितलं नाही.

शेवटच्या काढणीला ती अंथरुणावर होती. मी पोआसाची टोपली उचलली, तशी म्हणाली, “रिकामी टोपली मागून आण गं. गेल्या वेळचीही त्याच्याकडेच आहे.”