सेट गरम करायचा तास

बंगल्यांबद्दल मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली त्यांत एकही बरं वाक्य नाही, आणि ते का असावं? वर्षाचे दहा-अकरा महिने कुलपात असलेली घरं, त्यांच्या बागा, त्यांची कारंजी, आणि हे सगळं राखणाऱ्या माणसाला मागच्या बाजूला एक खोली. तुंगार्लीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशा बंगल्यांची रांगच आहे. त्यातल्या एकाच्या मागच्या खोलीत मी वाढलो. माझे वडील, आमचे आबा, तिथे माळी होते आणि राखणदारही होते. कामं दोन, पगार एक. हे मी पत्रकात छापलेलं आहे. जे छापलेलं नाही ते इथे लिहितो. त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात लहानपणी जो आवाज ऐकला तसा पुन्हा कुठेही ऐकला नाही, आणि त्याची मला अजून ओढ आहे.

तो रेडिओग्राम होता. रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र, दोन्ही एकाच पेटीत. पेटी कसली, पॉलिश केलेलं कपाटच ते. बटण फिरवलं तरी लगेच काही होत नसे. आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस व्हायचे, पुढचा हिरवा डोळा उघडायचा, लाकडाला ऊब चढायची, आणि मग खालच्या जाड कापडामागच्या मोठ्या स्पीकरमधून कोणीतरी अगदी शेजारी बसल्यासारखं बोलायला लागायचं.

मालक मुंबईचे शेठ. ते उन्हाळ्यात आणि दिवाळीत यायचे. पावसाळ्यात लोणावळ्याला चपलांवर बुरशी येते, मीठ वाहतं, कपाटातले कपडे न घालताच धुवावे लागतात. तेव्हा शेठ कशाला येतात? पण सेटची त्यांना काळजी. दमट हवेने आतलं सामान खराब होऊ नये म्हणून त्यांनी आबांना काम लावून दिलं होतं: पावसाळाभर रोज संध्याकाळी तासभर सेट चालू ठेवायचा. आमच्या घरात याला ‘सेट गरम करणं’ म्हणत. गटारं मोकळी करणं, कौलं बघणं, सेट गरम करणं. आबांच्या लेखी ते असंच एक काम.

त्या कामाला ते आईला आणि मला बरोबर न्यायचे. खुर्च्यांवर बसायचं नाही, फरशीवर बसायचं. आई सुपात तांदूळ घेऊन यायची. आबा स्वतः बसत नसत. तासभर दारात उभे राहून फाटकाकडे बघत. मालकाने सांगितलेलंच काम करत होते, तरी आपण काही चोरतो आहोत असा चेहरा. या चेहऱ्याचा मला पुढे फार राग आला. माझं सगळं राजकारण त्या चेहऱ्यातूनच निघालं म्हटलं तरी चालेल.

पण गोष्ट आईची आहे. माझ्या जन्मानंतर आलेल्या तापात तिचे कान गेले. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्यात ओरडलं तर थोडं. आई-आबा मूळचे तिकोणा पेठेच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. तिचे वडील वाडीत ढोल वाजवायचे. सासरी आली, मग लोणावळ्याला आली, मग ऐकूच येईनासं झालं. दिवाणखान्यात ती आमच्याबरोबर येऊन बसायची ते केवळ सोबतीला.

एकदा बसता बसता तिने कंटाळून पाठ रेडिओग्रामला टेकली. लोकगीतं चालू होती. तिचा सुपातला हात थांबला.

“हितं वाजतंय,” ती म्हणाली. न ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा तिचा आवाज मोठा. “पाठीत वाजतंय. ढोल हाय का?”

“ढोलच हाय!” आबा दारातून ओरडले.

“मला कशाला सांगताय? मला कळतंय की!”

त्यानंतर ती जागा तिची. गाण्याचे शब्द तिला कधीच कळले नाहीत. ढोल, पखवाज, तबल्याचा डग्गा, जे काही खालच्या सुरात असेल ते लाकडातून तिच्या मणक्यात जायचं. उबेने पाठीची कळही थांबायची. तास संपला की आबा म्हणायचे, “झाला सेट गरम,” आणि बटण बंद. गाणं अर्धं असलं तरी बंद. पावसाळा म्हणजे लोकांना चिखल आठवतो, मला आईची ती टेकलेली पाठ आठवते.

मग शेठची सुधारणा झाली. मी कॉलेजात जाऊन कष्टकऱ्यांच्या एका संघटनेत शिरलो होतो, तेव्हाची गोष्ट. त्यांनी परदेशातून स्टिरिओ आणला. चपटा, चकचकीत, दोन बाजूंना दोन वेगळे स्पीकर. रेडिओग्राम भंगारात. नव्यात व्हॉल्व्ह नाहीत, तो तापत नाही. शेठ आबांना म्हणाले, “याला गरम वगैरे करायचं नाही हं. प्लास्टिक घालून ठेव, कुणी हात लावायचा नाही.”

आबांचं एक काम कमी झालं. आईचा तास गेला. तिने तक्रार केली नाही, आणि तक्रार करणार तरी कोणाकडे? आपलं नव्हतंच ते. फक्त संध्याकाळ झाली की ती सूप घेऊन उठायची आणि मग पुन्हा खाली बसायची. हे मला बघवत नव्हतं. मी ठरवलं, तिला घरात आवाज आणून द्यायचा. पैसे नव्हते. संघटनेचं काम फुकटचं, आणि आबांना दोन कामांचा एकच पगार, ते मी सांगितलंच आहे.

आंबी गावच्या एका मित्राने नवा ट्रान्झिस्टर घेतला आणि जुना मला देऊन टाकला. मी तो मोठ्या ऐटीत आईच्या पाठीला लावला, मग उजव्या कानाला लावला. तिने जरा वेळ डोळे मिटून वाट पाहिली आणि परत दिला.

“डास हाय ह्यो.”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग मी भंगारवाल्याकडे गेलो. म्हटलं, निदान पेटी तरी मिळेल. तो म्हणाला, “कपाट चिक्कीवाल्यानं नेलं, भाऊ. आतलं तांबं आमी काढलं. ह्यो गोल तेवढा उरलाय.” रेडिओग्रामचा स्पीकर. ताटाएवढा, कागदाचा पडदा शाबूत. बदल्यात मी एका होऊन गेलेल्या मोर्चाच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा त्याच्या काट्यावर ठेवला.

“तुमच्या पत्रकांचा कागद चांगला असतो,” तो म्हणाला. “भजी बांधली तरी फाटत नाय.”

जाता जाता चिक्कीच्या दुकानात डोकावलो. रेडिओग्रामच्या कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की रचलेली, हिरव्या डोळ्याच्या जागी भोक. मुंबईचे पाहुणे खरेदी करत होते. मला तिथल्या तिथे भाषण ठोकावंसं वाटलं. ठोकलं नाही.

खोक्यांच्या फळ्या जमवून मी पेटी ठोकली, पुढे स्पीकर बसवला, त्याच्यावर आबांच्या जुन्या धोतराचं कापड ताणून लावलं. सुतारकाम माझं म्हणजे फटीच फटी. आईच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं की ही तुझ्यासाठी आहे, आणि सभेला निघून गेलो.

परत आलो तर पेटी शेणामातीने सारवलेली. चारी बाजू, वरून, आणि पुढचं कापडसुद्धा. आमच्याकडे धान्याची कणगी पावसाच्या आधी अशी लिंपतात, एकही फट ठेवत नाहीत. आईने तिच्यासाठी केलेल्या कणगीवर मन लावून हात फिरवला होता. बोटांच्या रेघा काय सुरेख उठल्या होत्या.

“फटी लय ठेवल्या व्हत्यास,” ती म्हणाली. “उंदीर शिरला असता.”

“आई, हा स्पीकर आहे! मी सांगितलं होतं!”

“सांगितलं आसशील. मला ऐकू कुटं येतं?”

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी पुढचं कापड फाडून काढलं, स्पीकर बाहेर काढून फडक्याने टिपला आणि चुलीपासून लांब वाळत ठेवला. बाजूचं सारवण तसंच राहू दिलं. वाळल्यावर नवं कापड लावलं, ट्रान्झिस्टरची वायर जोडली. आवाज डासाचा राहिला नव्हता, माणसाचा झाला होता. मला वाटलं, जिंकलो. आई येऊन पाठ टेकून बसली. बराच वेळ बसली.

“वाजतंय का?” मी ओरडलो.

“वाजत आसंल,” ती म्हणाली. माझं मन राखत होती. मग न राहवून म्हणाली, “गार हाय रं.”

स्पीकर तोच होता, पण त्या ट्रान्झिस्टरमध्ये त्याला हलवायचा दम नव्हता आणि तापायला काही नव्हतं. मला रेडिओग्रामचा आवाज परत हवा होता. तिला त्याची पाठ हवी होती.

आमच्या संघटनेकडे सभेचा एक जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. लोखंडी, अवजड, कर्ण्याला जोडायचा. पण आमच्या सभा ज्या वाड्यांवर व्हायच्या तिथे वीज कुठे? तळ्यांचं पाणी घाटाखाली सोडून मुंबईचे दिवे लावतात, त्या विजेच्या तारा आमच्याच डोंगरांवरून जातात, आणि तारांखालच्या वाडीत कंदील. म्हणून आम्ही वर्गणी काढून बॅटरीवर चालणारा नवा घेतला, आणि जुना कचेरीत गठ्ठ्यांखाली पडून होता. मी मागितला. आमच्या खजिनदाराने माझ्याकडे वरून खाली पाहिलं.

“म्हणजे आता जनतेचा आवाज तुझ्या आईच्या पाठीला लावायचा?”

“माझी आई जनतेत येत नाही का?”

“ने बाबा, ने. तेवढीच अडगळ जाईल. आणि तिला विचार, आपली भाषणं तरी पाठीला कळतात का.”

अँप्लिफायर मी पेटीच्या आत, स्पीकरच्या मागे बसवला, ट्रान्झिस्टरची वायर आता त्याला जोडली, हवेला मागे जागा ठेवली. आता वीज. आमच्या खोलीत एका बल्बपुरती वीज होती, भिंतीत दुसरं काही नाही. आबा म्हणाले, “सायबांना इचारल्याबिगर न्हाई.” मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, तो हक्क आहे. यावर आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी तोड आबांनीच काढली. बल्ब काढायचा आणि त्याच होल्डरातून वायर घ्यायची. बल्ब जळत नाही तोवर सेट चालला, तर सायबांना काय? एका वेळी एक. अशा तडजोडीच्या विरुद्ध मी गावोगाव बोललो आहे. इथे मुकाट्याने बल्ब काढला.

पावसाने संध्याकाळी लवकरच अंधारलं होतं. खोलीत चुलीचा उजेड, आणि पेटीच्या मागून भिंतीवर पडलेला व्हॉल्व्हचा तांबूस ठिपका. आधी नुसती घरघर. आई पाठ टेकून बसली, मांडीवर सूप. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे बघत होतो. रेडिओवर एक बाई गात होती, आईच्या कामाची नव्हती. मग लोकगीत लागलं. सारवलेल्या फळ्या खालच्या सुराबरोबर थरथरायला लागल्या.

“तापलं,” आई म्हणाली.

थोड्या वेळाने सुपातला हात थांबला.

“आला.”

काय आला ते कोणी विचारलं नाही. मी आबांकडे वळून पाहिलं तर ते जागेवर नव्हते. उठून दारात जाऊन उभे राहिले होते, फाटकाकडे तोंड करून.

“आबा, आता कशाला? हा आपला आहे.”

“व्हय,” ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

गाणं रंगात आलं होतं. आईने डोळे मिटले होते. मला वाटलं, आता रात्रभर वाजू दे, शेजारच्या बंगल्यापर्यंत जाऊ दे. तेवढ्यात आईने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बटण बंद केलं. अर्ध्या ओळीत.

“झाला सेट गरम.”

मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन जीव खाऊन ओरडलो, “आई, हा आपला आहे! कितीही वेळ वाजव! कुणाच्या बापाचं काही जात नाही!”

“आपला हाय म्हनून जाळायचा का?” ती म्हणाली. “बल्ब लाव. भाकऱ्या करायच्यात.”

मी बल्ब लावला. पुढे किती तरी संध्याकाळी तो सेट वाजला, आणि प्रत्येक वेळी तासाने बंद झाला. मी वाद घातला, चिडलो. कधीच जास्त वाजला नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी ती पीठ मळायला बसल्यावर मी तिच्या जागी जाऊन बसलो. पेटी अजून कोमट होती. पाठ टेकली. वाजत काहीच नव्हतं. दारात आबा होते. आईने पहिली भाकरी परातीत थापायला घेतली, आणि तिच्या हाताचा दणका जमिनीतून पेटीत, पेटीतून माझ्या पाठीत आला.