घोळीचं डोकं

बंदराच्या वाटेवर खानावळ चालवणाऱ्या कोळीण मावशी नसत्या, तर माझं पुढे काय झालं असतं कोण जाणे. म्हणून आधी त्यांचं सांगतो. नाव लिहीत नाही. चारचौघांत त्यांना ते खपायचं नाही.

मी घाटावरचा. मराठी चौथीत शाळा सोडली आणि कामाच्या शोधात फिरत फिरत श्रीवर्धनला पोचलो. एका वाडीत सुपारी सोलायचं काम मिळालं, तेही संपलं. सुपारी मुंबईला नेणाऱ्या गलबतावर एक खलाशी हवा होता. तांडेलाने, म्हणजे गलबताच्या म्होरक्याने, मला न्याहाळलं आणि एवढंच म्हणाला, "सांजंला मावशीकडं जेवाया ये. मंग बघू." जेवणाचा आणि कामाचा संबंध काय, मला कळेना. विचारायची छाती झाली नाही. ही जागा हुकली तर घरी परतायला तोंड नव्हतं.

सगळे खलाशी पंगतीला बसले होते. मला तांडेलाच्या शेजारी बसवलं आणि तिथूनच गोंधळ सुरू झाला. भाकरी तांदळाची, ज्वारीची कधी येते म्हणून मी वाट बघत राहिलो. वाटीतली गुलाबी कढी प्यायची की भातावर घ्यायची? पलीकडच्याकडे पाहिलं, तर त्याने थोडी घशाखाली घातली आणि उरलेली भातावर ओतली.

मग मावशींनी माझ्या ताटात घोळ माशाचं अख्खं डोकं ठेवलं. डोळ्यांसकट. बाकीच्यांना मांसल तुकड्या आणि मला हाडं! थट्टा होती, की माझी पायरी दाखवत होते? रागावून चालणार नव्हतं. घरची रीत आठवली, ताटातलं आधी वडीलधाऱ्याला विचारायचं. ताट तांडेलापुढे सरकवून म्हणालो, "तुम्ही वडील माणूस. तुम्ही घ्या."

सगळ्यांनी जेवण थांबवलं.

"न्हाय म्हनतोय," कुणीतरी पुटपुटलं.

"घाटी तो! बोकडाचं मुंडकं द्या, मंग बघा कसा बसतो," आणखी एक जण म्हणाला.

तांडेल माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज्याची त्याची मर्जी. दुसरा गडी बघू."

मी नेमका कशाला नकार दिला, तेच मला कळेना.

मावशी पळी घेऊनच पुढे आल्या. "मर्जी कसली, मेल्या! नव्या गड्याला डोकं देत्यात, त्यानं खाल्लं का तो गलबताचा झाला, ह्ये त्याला कुनी सांगितलं? आनि तू पयल्यांदा खाल्लंस तवा रडला व्हतास, इसरलास व्हय?"

"काटा लागला व्हता, मावशे," तांडेल खालच्या आवाजात म्हणाला. पंगत खदखदली.

मावशी माझ्यासमोर बसल्या. "गालापास्नं सुरू कर. डोळा शेवटाला."

हाड कुठलं, मांस कुठलं, समजत नव्हतं. त्या बोट दाखवतील तिथून मी खात गेलो. डोळा न चावताच गिळला. चव आजही सांगता येणार नाही.

तांडेल ताटाकडे बघून म्हणाला, "पहाटं भरतीच्या वक्ताला गलबतावर ये."

अनोळखी पोराची बाजू मावशींनी का घेतली, ते मला उमगलं नाही. पुढे एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "समद्यांचा भात निवत व्हता."

आता त्यांना नीट दिसत नाही. एक दिवस बंदरावरची सगळ्यांत मोठी घोळ आणीन, माझ्या हाताने शिजवीन, आणि डोकं मावशींच्या ताटात वाढीन. काटे मी काढून देईन.