कोऱ्या डिस्कची प्रत

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाणीच्या अधिष्ठात्री देवतेला वंदन करून, आज अविधवा नवमीच्या तिथीस हे लिहीत आहे. सौभाग्यवती असताना गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध या दिवशी करतात. माझी पत्नी तशी गेली. तिला आता दोन वर्षे होतील.

दुबईत, अल बर्शातील मुलाच्या घरी, ती अखेरपर्यंत रोज सकाळी स्तोत्रपाठ करीत असे. मुलगा तो ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेवी. ती गेल्यावर तिचा पाठ ऐकल्यावाचून मी अन्नाला शिवलो नाही. पुढे संगणकातील डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा मुलाने अगदी तशीच दुसरी डिस्क आणि एक रेड कंट्रोलर कार्ड आणले. हे कार्ड दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिते. एक बिघडली तरी दुसरी राहते. आमच्या गुरुजींनी एकच पाठ दोघा शिष्यांना दिला होता, तो याच हेतूने. मला ती योजना फार भावली.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागणार होता, आणि पक्षात आम्ही नव्या वस्तूचा आरंभ करीत नाही. दुपारी तीनला मुलाने संगणक उघडला.

“बाबा, आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतो. पाच तास लागतील.”

“पावणेपाचला राहुकाळ लागतो, तो सुटेल सूर्यास्ताला. मग काय दिवेलागणीनंतर आरंभ करणार?”

“कार्डला राहुकाळ कळत नाही, बाबा.”

“मला कळतो ना! आरंभ आधी होऊ दे, पुढे लागू दे किती वेळ लागायचा तो.”

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, यल्ला, चला, करून टाका एकदाचं. नाहीतर पंधरा दिवस हेच ऐकावं लागेल.”

तो हसला आणि बॅकअप न घेताच कार्ड बसवू लागला. पडद्यावर दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दिसत होत्या. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर उतरवायचे, एवढेच निवडायचे होते. मी मागे उभा राहून “झालं का रे?” असे दोनदा विचारले. साडेचारला त्याने बटण दाबले. मी संगणकाला हळदकुंकू वाहिले. काम किती झाले ते दाखवणारी पट्टी संध्याकाळभर पुढे सरकत राहिली, आणि मी समाधानाने जप करीत बसलो.

सकाळी दोन्ही डिस्क एकसारख्या होत्या. दोन्ही कोऱ्या. नव्या डिस्कवरचे रितेपण कार्डाने जुनीवर निष्ठेने उतरवले होते.

डिस्कमधून गेलेले परत काढून देणाऱ्या कारागिराकडे मुलगा मला घेऊन गेला. त्याने तपासून हिंदीत सांगितले, “अंकल, ऊपर से लिख गया है। खलास.” गाडीत मुलगा म्हणाला, “चूक माझी, बाबा. उलटं निवडलं मी.” मी म्हणालो, “घाई माझी होती.” 

आज सवाष्ण जेवून गेल्यावर मी स्वतःच पाठाला बसलो. दहा वर्षांची नात ऐकत होती. मध्येच म्हणाली, “नो, आजोबा. आजी यूज्ड टू ब्रीद हिअर.”

त्या ठिकाणी श्वास घेणे पाठाला धरून नव्हे. चाळीस वर्षे मी पत्नीला तिथेच टोकत आलो होतो. ध्वनिमुद्रणातही माझे “पुन्हा म्हण” ऐकू येत असे. आता ते टोकणेही गेले आणि तो श्वासही. मी चरण पुन्हा आरंभिला आणि ती थांबे तिथे थांबलो. त्या विरामात काहीच ऐकू आले नाही. नात मात्र म्हणाली, “येस, देअर.”

वाचकहो, तुमच्या घरी पहाटे जो आवाज उठतो तो दीर्घायुषी होवो, तो ऐकायला घरातील सर्व माणसे सुखरूप असोत, आणि माझ्यासारखी घाई भगवंत तुमच्या हातून न घडवो.