कोरडा फडका

"तोंडानं फुकू नको गो त्यात. आन इकडं."

"का? आत्या फुकायच्याच की."

"ती कोरडं फुकायची. तू बोलता बोलता फुकतेस, निम्मी थुकी जाते आत."

ऋतुजा हसली आणि तळहातावरचा फिल्टर तिनं सासऱ्यापुढं धरला. पांढऱ्या जाळीचा, हातात मावेल एवढा. जाळीच्या भोकाभोकात सागाची भुशी बसलेली.

जनू पडवीत गोणपाट अंथरून बसला होता, समोर कटर उघडा पडलेला. झाडं तोडायच्या चेनच्या मशीनला या बाजूला सगळे कटरच म्हणतात आणि जनूला कटरवाला जनू. खांब नाक्यापासून आतल्या वाड्यांपर्यंत कुणाच्या गोठ्यावर फांदी आली, कुणाला साग पाडायचा झाला, कुणाकडं मयत झालं नि आंब्याची लाकडं हवी झाली, की निरोप जनूला. मयताच्या लाकडाला गेला तर तो तिथला चहासुद्धा घेत नाही. आज इंदुबाईच्या परड्यातला वठलेला फणस पाडायचा होता. पण त्याआधी ऋतुजाला नाक्यावर पेणच्या एसटीत बसवायचं होतं. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. त्या पिशवीकडं जनू सकाळपासून बघत नव्हता, म्हणून कटर उघडून बसला होता.

ऋतुजा निघाली होती हमरापूरला, सुजयशेठच्या गणपतीच्या कारखान्यात. आठवडाभर तिकडंच राहायचं, सुट्टीला घरी. जनूच्या पोराचं, विशालचं, कंपनीतलं काम ठेकेदार बदलल्यावर सुटलं होतं. आता तो मिळेल तिथं, मिळेल त्या शिफ्टला जायचा. घरातलं कुणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं, आणि ऋतुजा वाट बघत बसणारी नव्हती. तिनं सुजयशेठला आपणच फोन केला. तो म्हणाला, "ये. तुझ्या सासूची जागा रिकामीच हाय."

हे वाक्य तिनं घरी येऊन आनंदानं सांगितलं. जनू तेव्हा भाकरी खात होता. त्यानं पुढचा घास मोडला नाही.

ऋतुजा जिला आत्या म्हणायची ती जनूची बायको काशीबाई हमरापूरकडचीच. लग्न होऊन इकडं भाताच्या आणि वालाच्या गावात आली, तरी दरसाल लावणी-कापणी आटपली की माहेरी कारखान्याला जायची. रंगाचं काम तिला कधी मिळालं नाही. तिचं काम पावडरीचं. प्लास्टरची पोती फोडायची, चाळायची, घमेल्यात ओतायची, कालवायची. शेडमध्ये तिला शोधायची गरज नसायची. जिथून पांढरा लोट उठतोय तिथं काशी. संध्याकाळी भुवया, केस, पापण्या, सगळं पांढरं. "तरन्यापनीच म्हातारी दिसतेस गो," असं जनू म्हणायचा आणि ती म्हणायची, "मंग तुमाला सोभते."

घरी असली की कटरचा फिल्टर तीच साफ करायची. कुणी शिकवलं नव्हतं. महामार्गाच्या रुंदीकरणाला झाडं पाडली तेव्हा जनू ठेकेदाराकडं मशीन चालवायला शिकला. ते काम संपलं आणि त्यानं एक जुनी मशीन घरी आणली. पहिल्याच महिन्यात ती धापा टाकायला लागली. काळा धूर, जोर नाही, जाड बुंध्यात घातली की बंद. जनूनं मशीनला शिव्या दिल्या. काशीबाईनं झाकण काढलं, आत बघितलं आणि म्हणाली, "हिचं नाक चोंदलंय. तुमाला चोंदल्या नाकानं धावता येईल का?"

तेव्हापासून फिल्टरला त्या घरात नाक म्हणतात. झाकण काढायच्या आधी चोक ओढायचा, नाहीतर झाकणावरची भुशी सरळ मशीनच्या नरड्यात. मग फिल्टर हळू आपटायचा, जुन्या दातांच्या ब्रशनं झाडायचा. तेलकट झाला असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत सुकवायचा. ओला कधी चढवायचा नाही. वर तिनं आपल्या पिवळ्या नायलॉनच्या साडीचा तुकडा रबर लावून बांधला होता. जाड भुशी फडक्यावरच अडायची. गावातले हसायचे, "जन्या, तुझी मशीन पदर घेते रं." हसोत. त्यांच्या मशिनींच्या पिस्टनवर रेघा पडल्या, दोन तर भंगारात गेल्या. जनूची वादळाच्या सालातही चालली. अर्धा गाव झाडांखाली गेला होता आणि ही दिवस दिवस बंद झाली नाही.

"मामा, गाडी चुकंल," ऋतुजा म्हणाली.

"नाय चुकत. गाडी कवा येळेवर आली?"

"तुमी येगळंच कायतरी बोलायचं ठरवलंय आनि बोलत नाय."

जनूनं ब्रश झटकला. "जाऊ नको बोललो तर ऐकशील?"

"नाय."

"मंग कशाला बोलू?"

ती उंबऱ्यावर बसली. "तुमी बी जाताच की कटर घेऊन. परवा सागाखाली पाय गेला असता. मी बोलले का, जाऊ नका?"

"काशी बी असंच बोलायची."

जनूनं ब्रश पुन्हा जाळीवर फिरवायला घेतला.

जनूला आठवत होता तो दिवस निराळाच होता. एका मोसमात तो काशीबाईला आणायला हमरापूरला गेला, मशीन बरोबर होती. सुजयशेठनं म्हटलं, आलाच आहेस तर मांडवाचे हे वासे कापून दे. जनूनं शेडमध्येच कापले. शेजारी पोती फुटत होती. थोड्या वेळानं मशीन खोकायला लागली. उघडून बघतो तर पिवळा फडका पांढरा आणि खालची जाळीही पांढरी. रोजच्या सवयीनं त्यानं फिल्टर नळाखाली धरला, साबण लावला, सावलीत ठेवला. जेवून येऊन बघतो तर फिल्टरचं कौल झालेलं. हातानं दाबला तर टकटक वाजतो.

शेडमधल्या बाया पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "जनूभाऊ, आमच्या पावडरीला पानी लावलं का गनपती व्हतो. तुमच्या मशीनचा झाला."

काशीबाईही हसली, आणि हसता हसता खोकली. तिच्या गळ्यात फडका लोंबत होता, नाकावर बांधायचा. तो पापडासारखा कडक. जनूनं विचारलं, "हा का गळ्यात? तोंडाला बांध की."

ती म्हणाली, "बांधते सकाली. घामानं नि तोंडाच्या वाफेनं भिजतो. भिजला का त्याच्यावर पावडर बसते नि धरते. मंग श्वासच घेता येत नाय. काढून टाकते."

जनूनं ते ऐकलं. मान हलवली. आणि पेणच्या बाजारात जाऊन मशीनसाठी नवा फिल्टर घेतला. एक नाही, दोन. एक चढलेला, दुसरा कोरडा खिशात. काम चालू असताना पहिला चोंदला की दुसरा लावायचा, पहिला घरी आणून साफ करायचा. अशी त्यानं मशीनची सोय लावली. काशीबाईनं दुसऱ्या दिवशी तोच फडका चुरून, झटकून पुन्हा बांधला.

पुढं तिचा खोकला घरी यायला लागला. आधी मोसमापुरता, मग पावसाळ्यातही. पेणच्या डॉक्टरांनी विचारलं, चुलीवर स्वयंपाक करता का? ती म्हणाली, करते. डॉक्टरांनी लिहून दिलं. कारखान्याचं त्यांनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या जनूलाही सुचलं नाही. मशीनबद्दल कुणी विचारलं असतं तर त्यानं पहिल्या वाक्यात धूळ सांगितली असती.

ती गेली तेव्हा आंबा जनूनंच कापला. भाऊबंद म्हणत होते, तू बस, आम्ही कुऱ्हाडीनं तोडतो. तो उठला, मशीन उचलली आणि परसामागं गेला. दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू झाली. एकदासुद्धा खोकली नाही. अंथरूण धरायच्या आधी काशीबाईनं फिल्टर धुऊन, सुकवून, वर पिवळा फडका बांधून ठेवला होता. सगळं खोड कापून होईपर्यंत मशीन तशीच चालली, एका सुरात. जनूला वाटत होतं, बंद पडावी. ती पडली नाही.

आता त्यानं फिल्टर बाजूला ठेवला, घरात गेला आणि ट्रंकेतून उरलेली पिवळी साडी घेऊन आला. फिल्टरवरचा जुना फडका विरून गेला होता, नव्यासाठी म्हणूनच ती ठेवलेली होती. दातांनी कड फाडून त्यानं तिचे चौकोन टरकावायला सुरुवात केली. टर्र, टर्र.

"अवो, मामा. आत्यांची साडी."

"ती काय आता नेसायला येतेय?" जनू म्हणाला. "हे घे. दुहेरी करून बांधायचा. भिजल्यासारखा लागला का काढायचा, लगेच. धुवायचा नाय. तिथं झटकायचा पन नाय. पिशवीत टाकायचा नि दुसरा कोरडा बांधायचा. घरी आनलेस का मी बघीन."

"दर घटकेला फडका बदलत बसले तर शेठ वरडंल."

"मी मशीन बंद करून नाक बदलतो तवा गिऱ्हाईक बी वरडतं."

"मंग तुमी काय करता?"

"वरडू देतो."

ऋतुजानं चौकोन मोजले नाहीत, घडी घालून सगळे पिशवीत वर ठेवले. मग म्हणाली, "आनि तुमच्या मशीनला काय?"

"तिला दोन नाकं हायत."

 एक गोष्ट त्यानं सांगितली नाही. हमरापूरहून परतल्यावर त्यानं मशीन आतपर्यंत उघडली होती. फडका होता, फडक्याखाली जाळी होती, तरी आत कार्बोरेटरच्या तोंडाशी पावडरीचा पांढरा हात फिरलेला होता. सागाची भुशी फडका अडवतो. ती पावडर अडवत नाही, नुसती कमी करतो. मशीन होती म्हणून त्यानं आत पुसलं. बाईला कुठून उघडणार?

नाक्यापर्यंत तो पिशवी घेऊन चालला. रस्त्याचं काम अजून चालूच होतं, डंपर गेला की लाल फुफाटा उठायचा. ऋतुजानं पिशवीतून एक चौकोन काढून नाकावर बांधला. तो पिवळा रंग तिच्या तोंडावर बघून जनूनं मान रस्त्याकडं वळवली.

"बरा बांधलाय का?"

"खालून घट्ट कर. खालूनच जाते."

तिनं घट्ट केला. एसटी आली, भरलेली. पायरीवर चढता चढता ती मागं वळली तेव्हा जनू म्हणाला, "आनि खोकला धरला का निघून यायचं. दुसरा दिस नाय बघायचा. शेठला सांगायचं बी नाय."

"व्हय," ती फडक्याआडून म्हणाली. काशीबाईसुद्धा व्हयच म्हणायची, सगळ्याला.

गाडी नागोठण्याकडं गेली. धूळ खाली बसेपर्यंत जनू तिथंच उभा राहिला, मग घरी येऊन मशीन खांद्यावर टाकली आणि इंदुबाईच्या परड्यात गेला.

इंदुबाई गोठ्यापाशी उभी. "सकाली येतो बोललास, सूर्य कुठं आला बघ. सून गेली का?"

"गेली."

"बरं झालं. बसून काय करनार? काशीच्याच जागंवर ना?"

जनूनं मशीन खाली ठेवली. फणसाभोवती एक फेरा मारला, कुठल्या अंगाला पडेल ते बघितलं, इंदुबाईला शेरडं सोडून लांब बांधायला सांगितलं. मग खाली बसून चोक ओढला, झाकण काढलं. जाळी सकाळीच साफ केली होती, तरी पुन्हा उजेडाकडं धरून बघितली. कोरडी होती. वर बांधायला फडका नव्हता. त्यानं खिशातला आपला रुमाल काढला, हुंगला, तो घामानं ओला होता. परत खिशात घातला.

झाकण लावून त्यानं मशीनवर पाय दिला आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ती सुरू झाली. भुशीचा पहिला फवारा त्याच्या पायांवर आला आणि जनूनं मशीन फणसाच्या बुंध्यात घातली.