नाव विचारणारा मुन्शी

ताडकळसच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानासमोर एक अर्ज लिहिणारे मुन्शीजी बसायचे. माणसाचं नाव विचारलं की त्यांचे डोळे चमकायचे.

"गंमत बघा! आपलं नाव, फारसीत नाम, इंग्रजाचं नेम, लॅटिनमधी नोमेन! हजारो कोसांवरची माणसं, पण शब्द एकाच घरचा!"

समोरचा शेतकरी म्हणायचा, "व्हय मुन्शीजी, पण माझा अर्ज लिवा की."

देश स्वतंत्र झाला, आमच्यावर मात्र निजामच होता. त्या पहाटे आम्ही तिघांनी चावडीवर तिरंगा लावला. मुन्शीजींनी आम्हाला पाहिलं. ते तिथं होते हे कळताच सकाळीच निजामाच्या पोलीस जमादारानं त्यांना चावडीत नेलं. मी बाहेर गर्दीत उभा होतो.

"झंडा लगानेवालों के नाम बोलो!"

"नाम? हुजूर, क्या लफ्ज है! अंग्रेज इसी को नेम कहता है..."

चपराक ऐकू आली. मुन्शीजी लॅटिनवर गेले. पुन्हा चपराक. तासभर हेच चाललं. आमची नावं काही निघाली नाहीत.

बाहेर आले तेव्हा त्यांचा ओठ फुटला होता. मी रडत त्यांचे पाय धरले. ते मला उठवत उत्साहानं म्हणाले, "अहो, जर्मनाच्या 'नामे'पाशी आलो तवा जमादार मारायचा थांबला. लय मन लावून ऐकायला लागला!"