फेटेवाल्याला म्हैस दूध देत नाही

डॉक्युमेंटरी शिकवणारे आमचे सर एकच गोष्ट घोटून घोटून सांगायचे: समोरच्या माणसाला कॅमेऱ्याचा विसर पडला पाहिजे. सर कोल्हापूरला कधी आले नसावेत. इथं कॅमेरा पिशवीतून बाहेर निघाला की गल्लीतला माणूस आधी छाती पुढं काढतो, मग केसांवरून हात फिरवतो आणि मग कुठल्या चॅनेलला लागणार म्हणून विचारतो.

माझी पहिली फिल्म मला थोरल्या चुलत्यांवर करायची होती. काका रोज संध्याकाळी म्हैस घेऊन चौकातल्या दूध कट्ट्यावर येतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं, काका तिथंच बसून धार काढतात आणि गरम दूध फेसासकट ग्लासात पडतं. लोक ते उभ्याउभ्या पितात, मिशा पुसतात आणि घरी जातात. माझ्या डोक्यात तर अख्खी फिल्म आधीच तयार होती. मावळतीचं ऊन, गुडघ्यापर्यंत लुंगी, भोकं पडलेलं बनियन आणि दुधाची धार. त्यातल्या त्यात बनियनवर माझा फार जीव होता.

मी फोनवर बजावून सांगितलं, "काका, रोजच्यासारखंच राहायचं. काही विशेष करायचं नाही."

"व्हय व्हय," काका म्हणाले. "काय सुदीक करत न्हाय. तू ये की बिनधास्त."

मी गेले, तर गोठ्याला चुना दिलेला. दारात रांगोळी. म्हशीची शिंगं लालभडक रंगवून त्यांना मोरपिसं बांधलेली, गळ्यात कवड्यांची माळ. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशी अशा नटवून मिरवतात, पण पाडवा होऊन चार महिने झाले होते. तिच्या शेजारी काका उभे. फेटा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, जाकीट, आणि अत्तर इतकं की गोठ्यात शेणाचा वास शोधावा लागत होता. मी कपाळावर हात मारला. कॅमेरा सांभाळणारा माझा मित्र पुण्याचा, तो खूश होऊन म्हणाला, "व्वा, रोज असेच असतात का?"

"रोज," काका म्हणाले, आणि काकूला खोकला आला.

मुलाखतीचा प्रकार त्याहून भारी. आयुष्यात 'हितं' सोडून दुसरं न बोललेला माणूस लेन्सकडं बघून म्हणाला, "आमच्या येथे दुग्धव्यवसाय हा पारंपरिक पद्धतीने केला जातो." पुढचं आठवेना तेव्हा काकूनं दाराआडून शाळेच्या गॅदरिंगसारखं पुढचं वाक्य पुरवलं. ती सगळी मुलाखत दोघांनी आदल्या दिवशी पाठ केली होती. मधेच म्हैस हंबरली, तर काका तिलाच दटावून म्हणाले, "थांब की जरा, माझं व्हाय दे." एवढंच काय ते खरं वाक्य आमच्या हाती लागलं. मित्राला तोवर तीन ग्लास दूध पाजून झालं होतं. चौथ्याला तो नको म्हणाला, तर काकू खरोखर दुखावली. पावणं आपलं दूध नको म्हणतात म्हणजे काय?

संध्याकाळी लवाजमा कट्ट्यावर गेला. गिऱ्हाईक नेहमीचंच, पण आज त्यांच्याही अंगावर धुतलेले शर्ट. काका फेट्यासकट म्हशीखाली बसले, दोन्ही हातांनी सड ओढले आणि थेंब पडला नाही.

म्हशीनं मान वळवून या माणसाकडं बघितलं. हुंगलं. जोरात फुरफुरली आणि एक पाऊल बाजूला झाली. रेडकू सोडून बघितलं, तिनं त्यालाही लाथ दाखवली. पेंड दाखवली, ती खाल्ली, पण पान्हा सोडला नाही. गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकाला आता म्हशीचं सगळं कळत होतं. एकजण म्हणाला, दृष्ट लागली. दुसरा म्हणाला, शिंगांचा रंग तिला मानवला नाही. एका म्हाताऱ्यानं सगळा दोष कॅमेऱ्याच्या बॅटरीला दिला.

शेवटी काकूच पुढं झाली. "ती वळखत न्हाय तुमास्नी. तो वास, ते जाकीट. जावा, रोजची कापडं घालून या."

काकांचा चेहरा उतरला. कट्ट्यावर आलेला माणूस दूध न पिता परत गेला, असं त्यांच्या हयातीत झालेलं नव्हतं. ग्लास धुऊन मांडलेले होते, लोक ताटकळत होते. पण काका जागचे हलेनात.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बनियन येणार! मी मित्राच्या कानात पुटपुटले, "चालूच ठेव, अजिबात बंद करू नकोस."

काकांनी ते ऐकलं. फेटा सावरत ते माझ्याकडं वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी हळू बोलले.

"पोरी, आज तू नवा ड्रेस घालून आलीयास. घरात गाऊनवर असतीस, डोक्याला तेल चापून. त्ये काडतीस का शूटिंग? मग मलाच का फाटक्यात बघायचंय तुला?"

मला सणसणीत लाज वाटली. दिवसभर मी त्यांच्या नटण्याला हसत होते, आणि त्यांचं फाटकं बनियन जगाला दाखवायला मीच सगळ्यांत उतावीळ होते. मी मित्राला कॅमेरा बंद करायला सांगितलं. तो कुरकुरला, कारण कॅमेरा उसना आणि त्याच दिवसापुरता मिळालेला. शेवटी मीच लेन्सला झाकण लावून कॅमेरा पिशवीत टाकला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. काका घरी जाऊन आले. म्हशीनं त्यांचा खांदा चाटला, आणि धार चरवीत वाजायला लागली.

फिल्म पूर्ण झाली खरी. त्यात चुना आहे, मोरपिसं आहेत, पाठ केलेलं भाषण आहे, हटून बसलेली म्हैस आहे आणि दूध कुठंच नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये ती दाखवली तेव्हा लोक पोट धरून हसले, आणि पहिल्या रांगेत बसलेले काका सगळ्यांत मोठ्यानं. नंतर प्रश्नोत्तरं झाली. मागून एकानं विचारलं, "शेवटी म्हशीनं दूध दिलं की नाही? तेच दाखवलं नाही तुम्ही."

मी माइक हातात घेऊन चाचरत होते, तेवढ्यात काका उठून उभे राहिले.

"दिलं की, चरवी भरून," ते म्हणाले. "पर त्ये प्यायला आल्याल्या मानसांसाठनं हुतं. बघायला आल्याल्यांसाठनं न्हवं."