आईच्या नावाचं कार्ड
तळलेल्या बटाट्यांचा वास आला की मला आईचं कार्ड आठवतं. नव्वदीच्या दशकात मद्रासमध्ये बर्गरच्या एका कंपनीने चार दुकानं काढली होती. चारही ठिकाणी खाऊन कार्डावर शिक्के घेतले की दोघांना अंदमानची सहल फुकट. बाबांनी कार्ड आईच्या नावावर केलं, कारण तंजावर आणि मद्रास सोडून तिने काही पाहिलंच नव्हतं. तीन रविवार बाबांनी आणि मी बर्गर खाल्ले, बाहेरचं कधी तोंडात न घालणाऱ्या आईने शेजारी बसून घरचा दहीभात खाल्ला, आणि शिक्के मिळत गेले. एग्मोरच्या चौथ्या दुकानात मात्र मॅनेजर अडून बसला, "ज्यांचं कार्ड आहे त्यांनीच खायला पाहिजे." बाबा हुज्जत घालायला लागले. आईने त्यांना हातानेच थांबवलं, बर्गर उचलला आणि औषध घ्यावं तसा संपवला. मॅनेजरने शिक्का मारला आणि मोठ्या अभिमानाने नवं कार्ड पुढे केलं. कंपनी वाढली होती, आता दुकानं सहा, म्हणून सहलीसाठी शिक्क्यांचे चौकोनही सहा. आई एवढंच म्हणाली, "सरी, ठीक आहे, चला घरी. मला न्हायचंय." ते कार्ड पुढे कुणी हातात घेतलं नाही. गेल्या वर्षी मी मुलांना घेऊन अंदमानला गेले. बोटीतून उतरते तोच ओळखीचा वास आला. धक्क्यासमोर त्याच कंपनीचं दुकान होतं. वाढत वाढत तेही बेटावर पोचलं होतं, आई तेवढी राहून गेली.